केझाया मावशीचं घर अजून वाटेत आहे

घर ओढणं ही आमच्या लँटर्न हार्बरची एकमेव कला. तसे आम्ही कॉड मासे पकडतो, पण कॉड काय, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर ज्याला दोन हात आहेत तो प्रत्येक जण पकडतो. घर मात्र आमच्यासारखं कुणी ओढत नाही. जागा आवडेनाशी झाली, शेजाऱ्याशी पटेनासं झालं, की आमच्याकडे माणूस घर बांधत नाही, आहे तेच हलवतो. लाकडी घराखाली ओंडके सारायचे, पुढे दोन जाड दोर बांधायचे, दोरांना गावातला प्रत्येक धडधाकट पुरुष, आणि बाजूला एखाद्या दगडावर चढून ओबाडाया काका ओढगाणं म्हणणार. ओळ त्यांची, हिसका आमचा. सामान बाहेर काढायची पद्धत नाही. भिंतीवरचं घड्याळ चालू राहिलं पाहिजे आणि फडताळातला एक कप फुटता कामा नये, तरच ते ओढणं.

याचे नियम दोनच. दोराला बोलावणं आलं की नाही म्हणायचं नाही; बोलावणाऱ्याशी तुमचं दहा वर्षं बोलणं बंद असलं तरी जायचं, न बोलता ओढायचं आणि न बोलता परत यायचं. दुसरा नियम सुपाचा. घर जागेवर आलं की घरच्या बाईने त्याच घरातल्या चुलीवर वाटाण्याचं सूप करायचं, खाऱ्या मांसाचे तुकडे आणि पिठाचे गोळे घालून, आणि दोरावरच्या प्रत्येकाला आपल्या हाताने वाढायचं. ते सूप होईपर्यंत घर पोचलं असं आम्ही मानत नाही. मग ते महिनाभर एका जागी उभं का असेना, ते वाटेतच. आणि घर वाटेत सोडून जाणारा माणूस, आमच्या मते, बुडत्या होडीकडे पाठ फिरवून जेवायला जाणाऱ्यातला.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जो तमाशा झाला तो परक्या माणसाला वेडेपणा वाटेल. तो वेडेपणा होताच. पण नियमाने झाला.

त्या वर्षांत जगाला विमानातून अटलांटिक ओलांडायचं वेड लागलं होतं. नकाशात पाहिलंत तर युरोपच्या दिशेने सगळ्यांत पुढे नाक काढून बसलेली जमीन आमचीच. म्हणून विमानवाले आमच्याकडे यायचे. त्यांना आमच्या नाकाची गरज होती, तोंडाची नव्हती. आम्हीही बिचाऱ्यांनी डोंगरामागच्या माळावरचे दगड वेचून वेचून त्यांच्यासाठी धावपट्टी तयार केली, तिच्यासाठी एक समिती केली, आणि समितीला अध्यक्ष हवा म्हणून मिस्टर लेवेलिन टेटफर्डना केलं. म्हणजे ते आपणच झाले. गावातलं एकमेव दुकान त्यांचं. हिवाळ्याचं पीठ, काकवी, जाळ्यांचा दोरा, सगळं त्यांच्याकडून यायचं, त्यामुळे गावात कुठलंही अध्यक्षपद रिकामं झालं की ते त्यांच्याच अंगावर जाऊन बसायचं.

त्या उन्हाळ्यात कॅप्टन हॅस्केल नावाचा एक अमेरिकन विमान घेऊन आला आणि हवामानाची वाट पाहत बसला. सरळ, अबोल माणूस. टेटफर्डांच्या घरी राहायचा आणि रोज संध्याकाळी धावपट्टीवर जाऊन उभा राहायचा. बरोबर पाहुण्याची सावली पडू नये इतक्या जवळून टेटफर्ड चालायचे. एका संध्याकाळी कॅप्टनने पट्टीच्या पश्चिम टोकापलीकडच्या उतारावरच्या एका हिरव्या छपराच्या घराकडे बोट केलं आणि ते कुणाचं म्हणून विचारलं. टेटफर्ड म्हणाले, केझाया स्नूक नावाच्या विधवेचं. कॅप्टन त्या घराकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग काही न बोलता जेवायला गेला.

एवढंच घडलं. बाकी सगळं टेटफर्डांच्या डोक्यात घडलं.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर आम्हाला बोलावून त्यांनी सांगितलं की ते घर उड्डाणाच्या आड येतंय, कॅप्टनसाहेब संकोची आहेत म्हणून स्पष्ट बोलत नाहीत, आणि आपण समजून घेतलं पाहिजे. केझाया मावशी तेव्हा लाब्राडोरला होती. दर उन्हाळ्यात ती मासेमारीच्या जहाजावर स्वयंपाकाला जायची आणि थंडी पडता पडता परतायची. आमच्याकडे वयाने मोठी प्रत्येक बाई मावशी आणि प्रत्येक पुरुष काका, नातं असो नसो. पण केझायाला मावशी म्हणताना जरा अदबीने म्हणावं लागायचं, कारण तिच्या जिभेवर मांस खारवता आलं असतं.

ओबाडाया काकांनी विचारलं, तिला विचारायला नको का? टेटफर्ड म्हणाले, लाब्राडोरच्या खडकांवर तार पोचत नाही, आणि एका बाईसाठी अटलांटिक थांबत नाही. वाक्य भारी होतं. आम्ही दोर धरले.

ओढलं मात्र अप्रतिम. बाजूला दलदल, म्हणून धावपट्टीवरूनच घर आणलं आणि टेटफर्डांच्या कोठारामागे, त्यांनी दाखवलेल्या जागी उभं केलं. घड्याळ टिकटिकत होतं. फडताळात सगळे कप जागच्या जागी. मिसेस टेटफर्डनी काकडीची सँडविचं वाटली, इतकी पातळ की त्यांच्यातून पलीकडचा माणूस दिसावा. त्यांच्या नादात सुपाचं कुणाला सुचलंच नाही.

ऑक्टोबरात लाब्राडोरची जहाजं परतली. बंदरात शिरताना डेकवरचा प्रत्येक जण आपापलं छप्पर शोधतो, ही रीतच आहे. केझाया मावशीला तिचं हिरवं छप्पर दिसलं नाही. घर जळलं, असं तिला वाटलं. तिच्याबरोबर आलेले सांगतात, तिने कठडा धरला तो धक्क्याला जहाज लागेपर्यंत सोडला नाही, आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. केझाया गप्प बसलेली त्यांनी त्याआधी पाहिली नव्हती.

धक्क्यावर आम्ही हसतमुखाने उभे होतो. घर सुखरूप आहे, हे आधी सांगितलं. मग कुठे आहे ते. मिरवतच तिला तिथे घेऊन गेलो. कुणीतरी फडताळ उघडून दाखवलंसुद्धा. "मावशी, एक कप फुटला नाही."

तिने कपांकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली आणि तिथे उभी राहिली. त्या खिडकीतून पूर्वी तिला बंदराचं तोंड दिसायचं, येणारी-जाणारी प्रत्येक होडी दिसायची. घरामागे तिच्या नवऱ्याने उतारात खणलेलं बटाट्याचं तळघर होतं आणि दारात गोड्या पाण्याची विहीर. ते दोन्ही अर्थातच तिथेच राहिले होते. विहीर ओढायची कला आम्हाला अवगत नाही.

"मला कुणी विचारलं?" ती म्हणाली.

टेटफर्ड पुढे झाले. म्हणाले, "मावशी, तुमचा राग मी समजू शकतो. पण इथे इतिहास घडतोय."

"घडू दे की. माझ्या तळघरापासून लांब घडू दे."

"देशाच्या नावाचा प्रश्न आहे. सगळ्या जगाचं लक्ष..."

"जगाचं लक्ष जाऊ दे, माझी खिडकी बघा. इथून मला बंदर दिसायचं, आता तुमचा संडास दिसतो. रोज सकाळी तुम्ही त्यात किती वेळ बसता ते आता मला कळणार, आणि त्या माहितीची मला गरज नाही, लेवेलिन."

गावात त्यांना लेवेलिन म्हणणारी तीच एक. मग ती आमच्याकडे वळली, आणि आमच्याकडे वळल्यावर तिचा आवाज खाली आला, ते जास्त वाईट होतं.

"मेले होते का मी? मेलेल्या बाईचं घरसुद्धा वर्षभर हलवत नाहीत. कुत्र्याला हाकलायचं तरी कुणी त्याच्या धन्याला विचारतं. चार दगड वेचले म्हणून माझ्या पोराबाळांच्या वयाच्या माणसांनी... जाऊ दे. दोर धरा. आत्ता. घर परत न्यायचंय."

कुणी हललं नाही. टेटफर्ड आमच्याकडे बघत होते. नुसते दुकानाच्या दाराकडे वळून परत आमच्याकडे वळले. हिवाळा तोंडावर होता. पीठ दुकानात होतं. ओबाडाया काका घसा खाकरून म्हणाले, उड्डाण होऊन जाऊ दे केझाया, मग बघू. दोराला बोलावलं असता नाही म्हटल्याचा लँटर्न हार्बरच्या इतिहासातला तो पहिला प्रसंग. टेटफर्ड म्हणाले तो इतिहास बहुधा हाच.

मावशीने एकेकाचं तोंड नीट बघून घेतलं, बाजारात मासा बघावा तसं. मग विचारलं, "सूप कुणी वाढलं?"

कुणीतरी काकडीचं नाव घेतलं.

"माझ्या चुलीवर सूप झालेलं नाही. म्हणजे माझं घर पोचलेलं नाही. ते वाटेत आहे. आणि वाटेतल्या घरात चूल पेटवत नाहीत." असं म्हणून तिने चुलीची लोखंडी झाकणी बंद केली आणि आम्हाला बाहेर काढलं.

आम्हाला वाटलं, दोन दिवस राग टिकेल. ऑक्टोबर सरला, तरी धुराड्यातून धूर आला नाही.

तुम्हाला आमची थंडी ठाऊक नसेल तर हे कळायचं नाही. सकाळी बादलीतलं पाणी कुऱ्हाडीने फोडावं लागतं. अशा दिवसांत गावातल्या प्रत्येक छपरावर धुराची शेपटी असते, आणि कोठारामागच्या हिरव्या छपरावर काही नाही. ती जहाजावरची कडक बिस्किटं पाण्यात भिजवून खायची, वाळवलेला कॉड तसाच चावायची. अंगावर नवऱ्याचा गलबतावरचा कोट, डोक्याला दोन शाली. कुणी गरम चहा नेला की दारातूनच परत पाठवायची. म्हणायची, प्रवासात आहे मी, पोचले की घेईन. माझी बायको काकवी घातलेला चहा तीनदा घेऊन गेली आणि तीनदा तो थंड करून परत आणला. तिसऱ्या खेपेला तिने किटली माझ्यासमोर आपटली आणि म्हणाली, आता तूच पी. मी प्यायलो. बेचव होता.

टेटफर्डनी कोळशाचं पोतं पाठवलं. मावशीने तो कोळसा त्यांच्या संडासाच्या दारात ओतला, नीट ढीग करून, दार उघडणार नाही असा. आत कोण होतं ते सांगायची गरज नाही.

चर्चमध्येही ती त्याच कोटात येऊन बसायची, सगळ्यांत पुढे. पाद्रीबाबा शेजाऱ्यावरच्या प्रेमाबद्दल बोलायला लागले की ती मागे वळून आमच्याकडे बघायची. पाद्रीबाबांनी विषय बदलला आणि नोहाच्या जहाजाकडे गेले. ती तरीही वळून बघायची. मीही त्या बाकावर मान खाली घालून बसायचो, आणि खरं सांगतो, राग मला तिचा यायचा. आपली मान खाली ज्याच्यामुळे जाते त्याचा राग येतो, आणि ते कारण आपणच असलो तर शेजारच्याचा येतो. टेटफर्डांचा राग यायला आणखी काही दिवस गेले. पण आला तेव्हा सगळ्या गावाला एकदम आला. दुकानात लोक पीठ घ्यायचे आणि त्यांच्याकडे न बघता बाहेर पडायचे. ते मात्र रोज कॅप्टनबरोबर पट्टीवर जायचे आणि आकाशाकडे बघून मान हलवायचे, जसं काही आकाशही त्यांच्याकडूनच उधारीवर न्यायचं होतं.

एका सकाळी पश्चिमेचा कोरडा वारा सुटला. हवा अशी स्वच्छ की समोरच्या बेटावरच्या मेंढ्या मोजाव्यात. कॅप्टनने विमान बाहेर काढलं, पेट्रोल भरलं. बातमीदार आले, टेटफर्ड उंच टोपी घालून आले, सगळं गाव माळावर जमलं. इंजिन सुरू झालं, गरम होत राहिलं.

आणि कोठारामागून केझाया मावशी आली. तिने घराचा दोर खांद्यावर घेतला होता. दोर अजून घराला बांधलेलाच होता. आम्ही सोडला नव्हता, काकडीच्या गडबडीत राहून गेला होता. ओंडकेही खालीच होते. तिने कुणाला हाक मारली नाही. आमच्याकडे पाहिलंही नाही. नवऱ्याच्या कोटात, दोन शाली गुंडाळलेली ती बाई दुमजली घराला पाठ करून उभी राहिली, पुढे वाकली आणि ओढायला लागली.

बातमीदारांतला एक हसला. पुन्हा हसला नाही, कारण त्याच्या बाजूला माझी बायको उभी होती आणि तिने त्याच्या पायावर आपला बूट ठेवला.

घर अर्थातच हललं नाही. मावशी सरळ झाली, हातावर थुंकली, परत वाकली.

तेव्हा ओबाडाया काका गर्दीतून निघाले, टोपी खिशात कोंबली, एका दगडावर चढले आणि त्यांनी ओढगाण्याची पहिली ओळ म्हटली. ऐंशीच्या घरातला आवाज, इंजिनाच्या आवाजात निम्मा बुडलेला. ओळ संपली, हिसक्याची जागा आली आणि मावशीने एकटीने हिसका दिला. दुसरी ओळ.

मला एवढंच सांगता येईल की ते गाणं कानावर पडलं असताना हात खिशात ठेवणं आमच्यातल्या कुणालाही जमत नाही. तिसऱ्या ओळीला मी दोरावर होतो. कधी गेलो ते आठवत नाही. पुढे-मागे सगळे होते. कुणी बोलत नव्हतं, आणि कुणी टेटफर्डांकडे बघत नव्हतं. घर कुरकुरलं, हललं, ओंडक्यांवर चढलं आणि धावपट्टीवर आलं. पट्टीच्या मधोमध, विमानाच्या नाकासमोर, मावशीने हात वर केला.

"थांबा."

थांबलो.

"एक जण यायचाय," ती म्हणाली, आणि कोट सावरून आपल्याच पायरीवर बसली.

टेटफर्ड धावत आले, टोपी हातात धरून. आवाज चढला होता. वारा पडेल, जगभर छी-थू होईल, पोलिसांना बोलावतो, दुकान बंद करतो, सगळं म्हणून झालं. मावशी ऐकत होती.

"घर तुम्ही काढलंत," ती म्हणाली. "दोराला हात न लावता काढलंत. दुसऱ्यांच्या हातांनी. आता आपल्या हातांनी ठेवा."

"मी? या कपड्यांत?"

"माझं घरही होतं त्याच कपड्यांत निघालं होतं. त्याला तुम्ही विचारलं नाहीत."

तेवढ्यात इंजिन बंद झालं आणि कॅप्टन हॅस्केल चालत आला. तो घराकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा उजळला होता.

"हे ते घर," तो म्हणाला. "बाई, हे तुमचं? परत जागेवर चाललं? मुळात हलवलंत कशाला?"

मावशी पायरीवरून उठली. "तुमच्या आड येत होतं म्हणून काढलं."

"आड? ते तर उतारावर खाली होतं, माझ्या आड कसं येईल? या माळावर सगळीकडे एकसारखी झुडपं. धावताना नाक सरळ ठेवायला समोर काहीतरी लागतं. मी तुमच्या धुराड्यावर नाक धरायचं ठरवलं होतं. म्हणूनच विचारलं होतं, कुणाचं आहे ते. दुसऱ्या दिवशी बघतो तर घर कोठारामागे." त्याने आमच्याकडे पाहिलं. "मला वाटलं, तुमच्याकडे घरं अशी फिरतच असतात."

सगळे टेटफर्डांकडे बघत होते. या वेळी नीट, टक लावून. मावशीने दोराचं मोकळं टोक उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. तो तिने खाली येऊ दिला नाही.

टेटफर्डनी टोपी जमिनीवर ठेवली आणि दोर धरला.

कॅप्टनही कोट काढून लागला दोराला. त्याला हिसका कधी द्यायचा ते कळत नव्हतं, पण आडमुठेपणाने ओढत राहिला. टेटफर्ड दोनदा चिखलात पडले. ओबाडाया काकांनी गाणं थांबवलं नाही. दुपार कलायच्या आत हिरवं छप्पर आपल्या उतारावर, आपल्या विहिरीपाशी, बंदराकडे तोंड करून उभं होतं.

मग चूल पेटली. धूर वर चढला तेव्हा माझ्या शेजारच्याने नाक पुसलं आणि वाऱ्याला शिव्या दिल्या. सूप झालं. मावशीने प्रत्येकाला आपल्या हाताने वाढलं, कॅप्टनला दोनदा. टेटफर्डांचा वाडगा तिने काठोकाठ भरला, सर्वांत मोठा मांसाचा तुकडा शोधून त्यात घातला आणि एक शब्द न बोलता त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या कुणालाही ती दोन शिव्या दिल्याशिवाय वाढत नव्हती. त्यावरून आम्ही काय ते समजलो. तेही समजले असावेत, कारण ते उभ्या उभ्या जेवले आणि निघून गेले.

वारा पडला नव्हता. उजेड होता तोवर कॅप्टनने विमान सोडलं. जडशीळ विमान पट्टीभर उड्या मारत, चाकं आपटत आलं, पण नाक सरळ, धुराच्या रेघेवर, आणि अगदी शेवटच्या क्षणी जमीन सोडून मावशीच्या छपरावरून इतक्या जवळून गेलं की तिथला बर्फ उडाला. आम्ही टोप्या फेकल्या. ते विमान आयर्लंडला पोचलं, दलदलीत नाकावर उतरलं, आणि सगळ्या जगाने कॅप्टनचं कौतुक केलं. वर्तमानपत्रांत आमचाही उल्लेख आला. एका कोळ्याची झोपडी आड येत होती, ती मोठ्या मनाच्या गावकऱ्यांनी गाणी म्हणत बाजूला केली, असं छापलं होतं. अध्यक्षांचा फोटो होता. उंच टोपीतला.

ते वाचून दाखवलं तेव्हा मावशीने झोपडी हा शब्द परत वाचायला लावला. मग उठून तिने फडताळ उघडलं. दोन वेळा घर ओढलं आम्ही, तरी त्यातला एकही कप फुटला नव्हता. विमान छपरावरून गेलं तेव्हा मात्र एक खाली आला होता. त्याचा कान तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आहे, बंदराकडे तोंड करून, आणि कुणी नवा पाहुणा येऊन विचारतो, मावशी, हे काय, तेव्हा ती चूल मोठी करते, त्याला बसवते आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात करते. टेटफर्डांचं नाव आलं की दरवेळी तिचा आवाज खाली उतरतो.